चोपचिनीची साक्ष

काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन चोपचिनी मागितली, तर दुकानदार फिकट तांबूस रंगाच्या, जड आणि गाठाळ मुळाचे तुकडे कागदात बांधून देतो. अंगावर उठणारे फोड, धरलेले सांधे, न भरणाऱ्या जखमा अशा तक्रारींवर या मुळाचा काढा किंवा पाक देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. हे औषध इतके घरचे झाले की ते परदेशातून आले, याचा आपल्याला विसर पडला. त्याच्या नावाला मात्र तो पडलेला नाही. फारसी भाषेत ‘चोब’ म्हणजे लाकूड. तेव्हा चोपचिनी म्हणजे चीनचे लाकूड. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने त्याला ‘द्वीपांतर वचा’, म्हणजे परद्वीपाहून आलेले वेखंड, असे नाव दिले आणि ज्या रोगावर ते सांगितले, त्या रोगाला ‘फिरंग’ म्हटले. रोग फिरंग्यांच्या नावाचा आणि औषध चीनच्या नावाचे, अशी ही गाठ आपल्या भूमीवर पडली.

अलीकडे चिनी वनौषधी निराळ्या वेषात आपल्या घरांत येऊ लागल्या आहेत. वजन उतरविणारा चहा, अंगात शक्ती आणणाऱ्या जिनसेंगच्या कुप्या, गुडघेदुखीच्या गोळ्या, त्वचेची मलमे; कोणी शहरातून आणतो, कोणी आखाती देशांतून येताना नातेवाइकांसाठी घेऊन येतो, कोणी घरबसल्या मागवितो. वेष्टनावर हजारो वर्षांच्या परंपरेचा दाखला असतो आणि वनस्पतींपासून बनविलेले असल्यामुळे अपाय नाही, असे आश्वासन असते. अशा वेळी दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. याने गुण येतो का? आणि याने अपाय होत नाही ना? हे प्रश्न नवे नाहीत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ते पावणेपाचशे वर्षांपूर्वी विचारले गेले होते, आणि तेही एका चिनी मुळाच्याच बाबतीत. म्हणून चोपचिनीची साक्ष काढणे आम्हांला अगत्याचे वाटते.

गोव्यातील वैद्य

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली मार्तिम आफोन्सो द सोझा याच्या ताफ्याबरोबर गोव्यास आला. सालामांका आणि आल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत त्याचे शिक्षण झाले होते. पुढे तो परत गेला नाही. तीसहून अधिक वर्षे त्याने गोव्यात वैद्यकी केली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो उपचारासाठी जात असे. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथील आंब्याचे त्याला मोठे कौतुक होते.

१५६३ साली गोव्यात त्याचा ग्रंथ छापून निघाला. भारतातील वनस्पती आणि औषधी द्रव्ये यांविषयीचे हे संवाद आहेत. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. ग्रंथात ओर्ता आणि युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा कल्पित विद्वान एकमेकांशी बोलतात. रुआनो प्राचीन ग्रीक आचार्यांचा हवाला देतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेले सांगतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायला आपण धजलो नसतो, अशी कबुलीही तो देतो. बाजारातील व्यापारी, हकीम, वैद्य, घरात काम करणारी दासी, या सर्वांकडून तो शिकला. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे, आणि त्या रोगाचे नाव देताना त्याने येथील लोकांचा ‘मोडशी’ हा शब्द कानाने टिपून घेतला, ही मराठी वाचकाला सुखावणारी गोष्ट आहे.

या ग्रंथात एक संवाद चीनच्या मुळाविषयी आहे. ओर्ता भारतात आला त्याच सुमारास हे मूळ चीनच्या व्यापारातून येथे येऊ लागले. त्या वेळी उपदंशाच्या रोगाने युरोपपासून पूर्वेपर्यंत थैमान मांडले होते. त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे पारा. पाऱ्याने दात पडत, तोंडातून लाळ वाहत राही, हातपाय कापत आणि कित्येकदा रोगाआधी उपचारच रोग्याला संपवी. अशा काळात एका सौम्य मुळाचा काढा पिऊन माणसे बरी होतात, ही वार्ता वाऱ्यासारखी पसरली. स्वतः चीनमध्येही या जातीच्या मुळांना तोच मान होता. ली शिझेन या चिनी वैद्याचा ‘बेन्साव गांगमू’ हा विशाल औषधिकोश १५९६ साली नानजिंग येथे प्रसिद्ध झाला. त्यात १,८९२ द्रव्यांची माहिती आहे. चोपचिनीचे सगे भावंड असलेले ‘तू-फू-लिंग’ हे मूळ त्याने याच रोगावर आणि पाऱ्याच्या औषधांनी झालेल्या विषबाधेवर सांगितले आहे.

सम्राटाचे औषध

मूळ गोव्याहून लिस्बनला आणि तेथून युरोपभर गेले. सम्राट पाचवा चार्ल्स याने गाउट या सांध्यांच्या दुखण्यावर ते घेतले. सम्राटाने घेतले म्हटल्यावर सरदारांनी घेतले, सरदारांनी घेतले म्हणून सावकारांनी. त्याच सम्राटाच्या पदरी आंद्रेआस वेसेलिअस हा वैद्य होता. मानवी शरीराची चिरफाड करून गॅलनच्या चुका दाखविणारा त्याचा ग्रंथ १५४३ साली निघालेला होता. ठिकठिकाणचे वैद्य त्याला चीनच्या मुळाविषयी विचारू लागले. १५४६ साली त्याने या विषयावर एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केले. काढा कसा करतात, रोग्याला पथ्य कोणते, घाम कसा काढतात, हे त्याने सांगितले. परंतु या मुळाच्या कीर्तीने तो भारावला नाही. सम्राटाचा वैद्य असूनही सम्राटाच्या आवडत्या औषधाविषयीचा संशय त्याने झाकून ठेवला नाही.

आज या वादाचा निकाल आपल्याला ठाऊक आहे. उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला. त्यावरचे पहिले हमखास लागू पडणारे औषध, साल्व्हरसान, १९१० साली बाजारात आले आणि १९४३ पासून पेनिसिलीनने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. चोपचिनीत दाह कमी करणारी काही द्रव्ये प्रयोगशाळेत आढळली आहेत. पण उपदंश बरा करण्याचा तिचा गुण सिद्ध झालेला नाही.

मग तीनशे वर्षे शहाण्या माणसांना ती लागू पडते असे का वाटले? याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. उपदंशाचा पहिला व्रण काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. पुढे अंगावर येणारे चट्टेही कालांतराने मावळतात. मग रोग वर्षानुवर्षे शरीरात दडून बसतो आणि काही जणांच्या हृदयावर, मेंदूवर किंवा हाडांवर नंतर घाला घालतो. काढ्याचा उपचार काही आठवड्यांचा असे. व्रण भरण्याचा काळ आणि काढा संपण्याचा काळ एकच आला, आणि श्रेय काढ्याला मिळाले. शिवाय ज्यांनी चोपचिनी घेतली, ते पाऱ्यापासून वाचले. पारा घेणाऱ्यांपेक्षा त्यांची प्रकृती बरी दिसणारच. विष न घेण्याचा लाभ औषध घेण्याचा लाभ म्हणून मोजला गेला.

कोणी फसवीत नव्हते. वैद्य प्रामाणिक, रोगी प्रामाणिक, अनुभवही खरा. निष्कर्ष तेवढा खोटा. एकेकाच्या अनुभवावरून औषधाचा गुण ठरविता येत नाही, हे चोपचिनीचे पहिले सांगणे आहे. ज्याला औषध दिले आणि ज्याला दिले नाही, अशा दोघांची तुलना केल्यावाचून ते कळत नाही.

तापावरची दोन झाडे

याचा अर्थ जुन्या वनौषधी सर्वच निरुपयोगी, असा कोणी घेतला तर इतिहास त्यालाही खोडून काढील. हिवतापाच्या दोन औषधांची कहाणी याला पुरेशी आहे.

पहिले झाड पेरू देशातील सिंकोना. त्याची साल हिवतापावर चालते, हे येशूसंघीय धर्मगुरूंनी सतराव्या शतकात युरोपला कळविले. रोममध्ये कार्डिनल हुआन द लुगो यांनी ती गोरगरिबांना वाटविली. शतकाच्या मध्याला रोममध्ये एक छापील पत्रक निघाले आणि त्यात सालीची पूड किती, कशात कालवून, तापाच्या कोणत्या वेळी घ्यायची, हे नेमके सांगितलेले होते. तरीही युरोपातील अनेक प्रॉटेस्टंट लोकांनी ही ‘येशूसंघीयांची साल’ संशयाने दूर ठेवली. औषध कोणी आणले, यावरून त्याची पारख झाली आणि त्यापायी कित्येक रोगी तापाने गेले. १८२० साली पेल्तिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळे काढले आणि मात्रा मोजून देणे शक्य झाले.

दुसरे झुडूप चीनचे, ‘चिंगहाव’ नावाचे. गे हुंग या चौथ्या शतकातील चिनी लेखकाने तापावर ते पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितले होते. व्हिएतनामच्या युद्धकाळात, १९६७ साली, चीनने हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त योजना हाती घेतली. तू यूयू या विदुषीच्या पथकाने शेकडो जुन्या कृती तपासल्या. चिंगहावचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. गे हुंगच्या कृतीत उकळण्याचा उल्लेख नाही, हे तिच्या ध्यानात आले. उष्णतेने गुणकारी अंश नाश पावत असावा, असा तर्क करून तिने कमी तापमानात, ईथर वापरून अर्क काढला. १९७१ साली तो प्राण्यांवर यशस्वी ठरला. १९७२ साली तिने आणि सहकाऱ्यांनी रोग्यांना देण्याआधी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातून निघालेले आर्टेमिसिनीन आज जगभर हिवतापाच्या घातक प्रकारावर दिले जाते. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले.

शेकडो जुन्या कृती तपासल्या तेव्हा एक अशी निघाली. जुनेपणामुळे ती खरी ठरली नाही. जुन्या ग्रंथाने दिशा दाखविली आणि खरेपणा तपासणीने ठरला. आणखी एक गोष्ट. याच झुडपाचा चहा करून पिण्याचा प्रचार काही देशांत सुरू झाला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. पानांत औषधाचा अंश किती, हे प्रत्येक खेपेला बदलते. अपुऱ्या मात्रेने रोगी बरा होत नाही आणि जंतू मात्र औषधाला सरावतो. झुडूप तेच, अंश तोच. माप नसेल तर ते औषध नव्हे.

भांड्यातील मरण

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, अलिशा संदेष्ट्याच्या काळातील एक प्रसंग आहे. दुष्काळाचे दिवस होते. शिष्यांसाठी कालवण शिजवायचे होते. एक जण रानात भाजी आणायला गेला. त्याला एक रानवेल दिसली. तिची फळे त्याने ओटीत भरून आणली आणि चिरून भांड्यात टाकली. ती कशाची आहेत, हे कोणालाच माहीत नव्हते. खाणाऱ्यांनी घास घेताच ओरडून सांगितले की भांड्यात मरण आहे. आणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला भुकेल्यांना जेवू घालायचे होते. वेल ओळखता आली नाही, एवढेच.

बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे हेच घडले. वजन उतरविणाऱ्या एका दवाखान्यात १९९० पासून स्त्रियांना चिनी मुळ्यांच्या कुप्या दिल्या जाऊ लागल्या. थोड्याच काळात त्यांच्यातील काही तरुण स्त्रियांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले. १९९३ साली तेथील डॉक्टरांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. पुढे बाधितांची संख्या शंभरावर गेली. शोध घेता असे आढळले की ‘हान फांग-ची’ नावाच्या मुळीऐवजी ‘ग्वांग फांग-ची’ नावाची मुळी कुप्यांत भरली गेली होती. नावे जवळची, दिसणे जवळचे. पण दुसरी मुळी अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची होती आणि तिच्यातील आम्ल मूत्रपिंडाचा नाश करते. काही स्त्रियांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. २००२ साली कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने या जातीच्या वनस्पती असलेली औषधे कर्करोगकारक ठरविली, आणि २००३ साली खुद्द चीनने या जातीतील एका बहुप्रचलित औषधाला बंदी केली. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांत शेतकऱ्यांची मूत्रपिंडे पिढ्यान्‌पिढ्या निकामी होत होती. तेथेही गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या याच जातीच्या रोपाचे बी दळणात मिसळत होते, असा निष्कर्ष अलीकडच्या संशोधनाने काढला आहे.

यात एक गोष्ट विचार करायला लावते. अ‍ॅरिस्टोलोकिया चीनमध्येही शतकानुशतके वापरात होती. मग तिचा दोष कोणाच्या लक्षात का आला नाही? जे विष घेताच माणूस कोसळतो, ते परंपरा ओळखते. बचनाग विषारी आहे, हे आपल्या वैद्यांना आणि चिनी वैद्यांना सारखेच ठाऊक होते. म्हणून एकांनी त्याची शुद्धी सांगितली आणि दुसऱ्यांनी तो दीर्घकाळ उकळायला सांगितला. परंतु जे विष वर्ष-दोन वर्षांनी मूत्रपिंडावर आणि दहा-वीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने प्रकटते, त्याचा संबंध जुन्या काढ्याशी कोण लावणार? त्यासाठी लेखी नोंद लागते. स्मरणावर चालणाऱ्या परंपरेला ताबडतोबीचा अपाय दिसतो, उशिराचा दिसत नाही. पुष्कळ पिढ्यांनी घेतले म्हणून निर्धोक, हे म्हणणे येथे कोसळते.

कधी दोष वनस्पतीचा नसतो, मापाचा असतो. ‘मा हुआंग’ हे झुडूप चीनमध्ये दम्यावर जपून देत. अमेरिकेत तेच वजन घटविण्यासाठी आणि खेळाडूंच्या उत्साहासाठी गोळ्यांतून विकले गेले. हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू घडल्यावर २००४ साली तेथील सरकारने अशा गोळ्यांवर बंदी घातली. कधी दोष भेसळीचा असतो. १९९९ साली लंडनमध्ये इसबावरील अकरा चिनी वनौषधी मलमे तपासली, तेव्हा आठांत स्टिरॉइड निघाले. मलमाने गुण येत होता तो त्या लपविलेल्या औषधाचा. कधी दोष संगतीचा असतो. ज्येष्ठमध चिनी काढ्यांत जवळजवळ नित्याचे आणि आपल्या घरातही ओळखीचे. पण ते रोज भरपूर घेतले तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. हृदयासाठी ‘दान-शेन’ नावाची चिनी मुळी घेणारा मनुष्य जर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळीही घेत असेल, तर रक्तस्रावाचे भय वाढते.

आपल्या अंगणात

चीनला नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचा काढा पिण्याची लाट आली. २०२० सालच्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांना सहा रोग्यांत यकृताला इजा झालेली आढळली. हे सर्व जण गुळवेल घेत होते. २०२१ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रोग्यांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती, हे सिद्ध केलेले नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. पुढे देशातील निरनिराळ्या रुग्णालयांतूनही असे रोगी नोंदले गेले. वादाचा निवाडा येथे करण्याचे आम्हांला कारण नाही. पण मंत्रालयाचा आक्षेप मान्य केला, तरी तो आपल्याला पुन्हा अलिशाच्या भांड्यापाशीच आणतो: अंगणातून तोडलेली वेल कोणती, हे तोडणाऱ्याला माहीत होते का?

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि तिच्यापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. कापसाची शेते, सागाचे रान आणि त्यांच्या कडेला कोलामांचे पोड, असा हा मुलूख. येथे औषधी झाडे ओळखणारी माणसे आहेत. पानावरून, सालीवरून, वासावरून झाड सांगण्याची त्यांची विद्या अस्सल आहे. ब्रुसेल्समध्ये जे घडले, ते अशा डोळस ओळखीच्या अभावी घडले. ओर्ता शिकला तो अशाच माणसांकडून. म्हणून या विद्येला हसणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही.

परंतु झाड ओळखणे ही एक गोष्ट आणि झाडाचा गुण जोखणे ही दुसरी. ईश्वरी किंवा सापसंद नावाची वेल सर्पदंशावर देण्याची प्रथा भारतभर जुनी आहे. ही वेल अ‍ॅरिस्टोलोकियाच्याच जातीची, तेच आम्ल असलेली. ती लागू पडते, असा अनुभव पुष्कळांना आलेला असतो, आणि तो का येतो, हे चोपचिनीच्या गोष्टीवरून कळते. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला, तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा दंशात कोणतीही मुळी दिली तरी माणूस वाचतो आणि मुळीचे नाव होते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले असेल, तेव्हा मुळीवर घालविलेला तास परत मिळत नाही. त्याला रुग्णालयातील प्रतिविषच लागते. मजुरीला गेलेली बाई कापसाच्या शेतातून थेट आरोग्यकेंद्रात पोहोचते की आधी मुळीच्या शोधात नेली जाते, यावर तिच्या लेकरांचे भवितव्य ठरते. इतिहासाच्या या चर्चेला येथे जिवाचे मोल आहे.

भीती आणि मौन

ओर्ताच्या आयुष्याचा शेवटचा भाग सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही, आणि धर्मगुरू म्हणून आम्ही तो टाळणे योग्य होणार नाही. ओर्ता जन्माने यहुदी वंशाचा होता; त्याच्या वडिलांच्या पिढीला बळजबरीने ख्रिस्ती करण्यात आले होते. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय आले. १५६८ साली ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून त्याच आरोपाखाली जाळली गेली. औषधांविषयी इतक्या निर्भयपणे बोलणारा हा माणूस आपल्या अंतःकरणातील श्रद्धेविषयी जन्मभर गप्प राहिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती माणसांनी वापरलेल्या अशा मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली. ती क्षमायाचना आपलीही आहे.

जेथे बोलण्याची भीती असते, तेथे सत्य दडते. हे श्रद्धेला लागू आहे तसे औषधालाही. आपल्या घरांतील कितीतरी माणसे डॉक्टरपुढे काढ्याचे नाव घेत नाहीत, कारण डॉक्टर रागावतील असे त्यांना वाटते. वैद्याकडे गेल्यावर डॉक्टरच्या गोळ्यांविषयी बोलत नाहीत, कारण वैद्याला वाईट वाटेल. काही जण धर्मगुरूपाशीही बोलत नाहीत. पोडावर मुळी आणायला गेलो हे सांगितले, तर श्रद्धेत उणे ठरू, अशी त्यांची समजूत असते. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याला मान द्यायला शिकवितो आणि औषधी जमिनीतून देवानेच उपजविल्या असे मानतो. त्या वापरण्यात पाप नाही. मंत्रतंत्राची जोड देऊन त्या दिल्या जात असतील तर तेथे दूर राहावे. पण मुळी ही मुळीच आहे, आणि तिची तपासणी हा देवाच्या निर्मितीचा अवमान नव्हे. ज्याने शहाण्या माणसाला औषध दिले, त्यानेच ते पारखण्याची बुद्धीही दिली आहे.

तेव्हा चिनी असो, देशी असो, कोणतीही वनौषधी घरात आली, तर चार गोष्टी पाहाव्यात. वेष्टनावर प्रत्येक वनस्पतीचे स्पष्ट नाव आहे का? मात्रा आणि बनविणाऱ्याचा पत्ता लिहिलेला आहे का? ज्या दुखण्यासाठी ती दिली जाते, त्यावर तिची रोग्यांत तुलना करून तपासणी झालेली आहे का? आणि आपण घेत असलेल्या अन्य औषधांशी तिचे जुळते का? पहिल्या दोहोंचे उत्तर मिळत नसेल, तर ती वस्तू फळीवर ठेवण्याच्या योग्यतेची नाही. उरलेल्या दोहोंसाठी पुडी किंवा कुपी तशीच डॉक्टरांना नेऊन दाखवावी. नुसते तोंडी वर्णन पुरे पडत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, आणि मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांचे दुखणे असलेले रोगी यांनी स्वतःच्या मनाने असले काही घेऊच नये. एकाच काढ्याने मधुमेह, संधिवात आणि कर्करोग बरे होतात असे जो सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे. कर्करोग आणि मधुमेह बरे करण्याचा दावा करणाऱ्या अशा जाहिरातींना आपल्या देशात १९५४ पासून कायद्याने मनाई आहे. आणि औषध घेतल्यावर डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, अंगावर सूज आली, तर ते ताबडतोब थांबवून मोठ्याने सांगावे. अलिशाच्या शिष्यांनी घास गिळून गप्प राहण्याचे ठरविले असते, तर त्या पंक्तीतून कोणी उठले नसते.